दावणीला रंगाचा एकच हात

संपादकांचं पत्र आलं, की सिनेमाच्या स्लाइडी रंगवण्याच्या धंद्यातल्या गमती लिहा. कुंभकोणमच्या मराठी माणसाचं लेखन आमच्या वाचकांना आवडेल. गमती आहेत, पुष्कळ आहेत. त्या आधी सांगून मोकळा होतो. नंतर जे सांगायचं आहे त्यात गंमत नाही, आणि खरं म्हणजे तेच सांगायला मी हे कागद पुढे ओढले आहेत.

सिनेमा सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात पडद्यावर जाहिराती दिसतात ना, त्यांतल्या गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती कुठून छापून येत नाहीत. त्या माझ्यासारखा कुणीतरी तळहातावर मावेल एवढ्या काचेवर हाताने रंगवतो. काच सोड्याने धुवायची, वाळवायची, बारीक टाकाने काळ्या शाईत रेघा आणि अक्षरं काढायची, मग पातळ रंग भरायचे, वर दुसरी काच ठेवून कडांना काळी पट्टी चिकटवायची. काचेवर शेपटी केसभर वाकडी गेली तर पडद्यावर हातभर वाकडी दिसते. आठवडाभर दाखवून झालं की काच माझ्याकडे परत येते, मी ती धुतो, आणि तिच्यावरच पुढच्या आठवड्याचा दंतमंजनवाला रंगवतो. आमच्या धंद्यात काही मागे उरत नाही. मला ते नेहमी सोयीचं वाटत आलं.

बाहेरच्या माणसाच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट सांगतो. काचेवर पांढरा रंग नसतो. भिंतीवर पांढरं हवं तर पांढरा रंग लावायचा; काचेवर पांढरं हवं तर काहीच लावायचं नाही. दिव्याचा उजेड आरपार जातो, तेच पांढरं. रंग जाड लागला, मग तो कितीही सुंदर लाल असो, पडद्यावर काळाकुट्ट. फार पातळ लागला, तर हातात धरून छान दिसतो, पण यंत्रात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा उजेड त्याला खाऊन टाकतो. म्हणून फिकट रंगाला तीन हात द्यायचे. एक हात, वाळवायचा, दुसरा हात, वाळवायचा, मग तिसरा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी वर्षभर चुका करून शिकलो.

आता गमती. आमच्याकडे पितळी समया करणारे एक गृहस्थ होते. त्यांना स्लाइडीवर समई नको होती, नावं हवी होती. स्वतःचं, वडिलांचं आणि चारही मुलांचं. मी सांगितलं, "अक्षरं मोहरीएवढी होतील." ते म्हणाले, "मोहरीएवढी तर मोहरीएवढी, पण क्रमाने." झाली तशीच. पडद्यावर मुंग्यांची रांग चालल्यासारखं दिसलं. मग चार मुलांच्या चार वेगळ्या काचा करायच्या ठरल्या. ऑपरेटरने त्यांतली दुसऱ्या मुलाची आधी लावली, आणि थोरल्याने थिएटरच्या दारातच त्या दुसऱ्याचा अंगवस्त्रासकट गळा धरला.

दुसरी गोष्ट मिठाईवाल्याची. काच यंत्रात उलटी घालावी लागते, तेव्हा चित्र सुलट दिसतं. एकदा ऑपरेटर सुपारी कातरण्याच्या नादात विसरला आणि पडद्यावर त्याच्या जाहिरातीतले विनायक डोकं खाली, पाय वर करून उभे राहिले. लोक हसायला लागले. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "उलटा झाला तरी लाडू सोडला नाही बघ माझ्या राजाने!" मिठाईवाला खूश. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाला, "तसंच परत एकदा उलटं दाखवता येईल का?"

झाल्या गमती.

सेल्वम मद्रासहून आला तेव्हा पंचविशीचा असेल. मी चाळिशीला आलो होतो. गावात बोर्ड रंगवणारे आणखी दोघे होते, पण स्लाइडीला मी एकटा. थिएटरच्या मॅनेजरचा नियमच होता, की काच माझ्या हातून बांधून आली तरच यंत्रात जाईल. सेल्वमने साक्कोट्टैला भाड्याने घर घेतलं, बायकोला सायकलच्या मागे बसवून तो रोज गावात येई. बायकोचं नाव कनकम. ती मुलींच्या हायस्कुलात आठवड्यातून दोन दिवस शिवण शिकवायची, उरलेल्या दिवशी नवरा जिथे शिडीवर चढलेला असेल तिथे खालच्या पायरीवर बसून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. वाचता वाचता हसायची. तो वरून काहीतरी बोलायचा, ती आणखी हसायची. माझी बायको सावित्री आजपर्यंत माझ्या दुकानाची पायरी चढलेली नाही. मी तिला कधी बोलावलं नाही, हेही खरं.

चेट्टियारांच्या कापडाच्या दुकानावर सेल्वमने पहिला मोठा बोर्ड रंगवला. वेणी पुढे घेऊन उभी असलेली एक तरुणी, बस्स. चेहरा कनकमचा होता, त्याने तो लपवलाही नव्हता. मी संध्याकाळी सायकलवरून उतरून तो बोर्ड बघितला. मी अठरा वर्षं चेहरे काढत होतो. माझे चेहरे नीट असत. नाक जागच्या जागी, डोळे सारखे. त्याच्या चित्रातली बाई आत्ताच कुणाशी तरी बोलून वळली होती.

घरी आलो तर सावित्री म्हणते, "अहो, चेट्टियारांकडचं बघितलंत? डोळे कसे बेष काढलेत!"

'बेष' हा आमच्या घरातला जुना शब्द, छान या अर्थाचा. अठरा वर्षांत माझ्या एकाही चित्राला तो मिळाला नव्हता.

मी म्हणालो, "बघितलं. मान आखूड आहे."

"असेल," ती म्हणाली. "माझं मानेकडे लक्षच गेलं नाही."

त्या रात्री मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

त्या वर्षी नायलॉन आलं. तुमच्याकडे मुंबईला ते आधीच आलं असेल. आमच्याकडे मुलगी मोठी झाली, की परकर-चोळीवर खांद्यावरून एक अर्धी साडी घेते. तिला दावणी म्हणतात. लहान मुलगी परकर-चोळीत हिंडते, मोठी दावणीशिवाय उंबऱ्याबाहेर येत नाही; एवढा त्या अडीच-तीन वार कपड्याचा मान. तोवर दावणी सुती असायची, ती आई निवडायची. चेट्टियारांच्या डोक्यात आलं, की नायलॉनची दावणी मुलींनाच थेट विकायची, आयांना मधे घ्यायचं नाही.

त्यांनी मला बोलावलं. गावात मला राव म्हणतात. "राव, चित्र सेल्वमचं. ओळ तुमची. अशी ओळ द्या, की पोरींना झोप लागता कामा नये."

मी उभ्या उभ्या दिली: "तुमच्या वर्गातल्या सगळ्यांनी घेतली. आणि तुम्ही?"

चेट्टियारांनी मांडीवर थाप मारली. "राव, तुम्ही धंद्यात असायला हवं होतं!"

ती ओळ मला सुचली याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. शेजाऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, याचं दुखणं मी त्या दिवसांत रोज अनुभवत होतो. फक्त ते उचलून पोरींच्या माथी मारलं. ओळ आधी हँडबिलावर छापून शाळेच्या फाटकाशी वाटली गेली. दोन दिवसांनी माझी स्वतःची मुलगी कमला, वय वर्षं चौदा, ताटावरून उठली. "अप्पा, अस्कींकडे आहे," म्हणजे सगळ्यांकडे आहे, "मी एकटीच धोतराच्या कापडात जाते!" तिच्या वर्गात तोवर एकीनेही घेतलेली नव्हती, हे मला नंतर कळलं.

मग त्या चित्राची स्लाइड करायची ठरली. मी म्हटलं, मी काढतो. चेट्टियार म्हणाले, "नको राव, तुम्ही अक्षरं काढा, बांधा. मुलगी सेल्वमच काढू दे. तुम्ही काढलेली मुलगी..." पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं.

सेल्वमने काचेवर कधी काम केलं नव्हतं. तो माझ्या दुकानात आला, वहाणा बाहेर काढून. कनकम बरोबर होती. त्याने विचारलं, मी सांगितलं: काच कशी धुवायची, शाई किती घट्ट, पांढऱ्याच्या जागी काही लावायचं नाही. तो भराभर शिकत होता. मला वर्षभर लागलं ते त्याला एका सकाळीत येत होतं, आणि मधूनमधून तो "अय्यो, काय मजा आहे हो अण्णा!" म्हणत होता. तिसऱ्या प्रहरी चित्र झालं. परकर गडद जांभळा, चोळी हिरवी, तिच्यावरून दावणी फिकट गुलाबी. काच उजेडाकडे धरली. दावणी स्वच्छ दिसत होती, तिच्या चुण्यासुद्धा.

त्याने विचारलं, "अण्णा, गुलाबीला एकच हात दिलाय. पुरे ना?"

कनकम माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "अण्णांना विचारतोयस ते बरं आहे. नाहीतर ह्याचं सगळं घाईचं."

मी काच हातात घेतली, पुन्हा उजेडाकडे धरली, सावकाश.

"पुरे," मी म्हणालो.

एवढंच. यापुढे जे झालं ते त्या शब्दाने झालं. मी खोटं रंगवलं नाही, काही खोडलं नाही, कुणाला चिठ्ठी लिहिली नाही. मनाला मी हेच सांगत आलो, आणि मन ते ऐकत आलं. खाली ओळ लिहिली, वरची काच ठेवली, पट्टी चिकटवली. पट्टी मी नेहमीपेक्षा नीट चिकटवली, हेही आठवतं.

शुक्रवारी चित्रपट बदलला. संध्याकाळच्या खेळाला मी ऑपरेटरच्या खोलीत होतो. खाली बायकांच्या बाजूला कनकम बसली होती. आपलं चित्र बघायला हौसेने आलेली. तिच्या एका बाजूला सावित्री, दुसऱ्या बाजूला कमला. कमला तिच्याकडेच शिवण शिकायची, 'अक्का, अक्का' करत तिच्यामागे असायची.

काच यंत्रात गेली. पडद्यावर दहा हात उंच कनकम उभी राहिली, वेणी पुढे घेऊन, हसत. परकर होता, चोळी होती. दावणी नव्हती. जी विकायची तीच नव्हती! खाली माझी ओळ, ठळक: तुमच्या वर्गातल्या सगळ्यांनी घेतली. आणि तुम्ही?

आज हे वाचून तुम्ही म्हणाल, चोळी-परकर होता ना, मग बिघडलं काय? आमच्याकडे काय बिघडलं ते थिएटरला एका क्षणात कळलं. जमिनीवर बसणाऱ्या स्वस्त तिकिटवाल्यांतून पहिली शिट्टी आली, मग वीस-पंचवीस. कुणीतरी ओरडलं, "आम्ही पण घेतली!" स्लाइड दहा आकडे मोजून काढायची असते. ऑपरेटर गालात हसत हात खाली सोडून उभा राहिला. मीही उभा राहिलो. काच माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी आकडे मोजत होतो, पस्तिसापर्यंत मोजल्याचं आठवतं. भोकातून बायकांची बाजू दिसत होती. कनकम उठली, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि अंधारात पायऱ्या चुकत बाहेर गेली. कमला तिच्यामागे जायला उठली, सावित्रीने तिला हाताला धरून खाली बसवलं.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. बरं वाटलं.

मॅनेजरने मध्यंतराआधी काच काढून माझ्या हातात दिली. "काय हे राव! तुमच्या हातून बांधून आली म्हणून मी न बघता लावली." दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि पहिलं काम ती काच सोड्याच्या पाण्यात टाकली. आठवडा व्हायचा होता. गुलाबी सगळ्यात आधी सुटला.

सोमवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. हेडमिस्ट्रेस, आठ-दहा पालक, चेट्टियार, सेल्वम, आणि या धंद्यातला जाणता म्हणून मी. कनकम खांबाशी उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नाही.

एक पेन्शनर गृहस्थ उठून म्हणाले, "आज दावणी गेली. उद्या काय जाईल?"

कोपऱ्यातून एक वकील म्हणाले, "पण मामा, तुम्ही तर शनिवारीही गेला होतात म्हणे."

"खात्री करायला गेलो होतो!"

"आणि काच लावली नव्हती म्हणून रविवारीही?"

व्हरांडा हसला. चेट्टियारही हसले, मग हात जोडून म्हणाले, "मी कापड विकतो, स्वामी. झाकायचाच माल आहे माझा. दिसू नये असं मला वाटेल का?"

हेडमिस्ट्रेसबाई तेवढ्या गंभीर होत्या. त्या म्हणाल्या, "मला चित्रापेक्षा दुसरी काळजी आहे. माझ्या मुलींनी काय नेसावं, हे आई सांगणार की दुकान? गेल्या आठवड्यात तीन मुली रडून शाळेत आल्या नाहीत, सुती दावणीची लाज वाटली म्हणून."

हा एकच प्रश्न त्या दिवशी खरा होता. तो माझ्या ओळीबद्दल होता, आणि ती ओळ कुणाची हे चेट्टियारांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी छताकडे बघितलं. पेन्शनर म्हणाले, "ते राहू द्या हो बाई, आधी चित्राचं बोला." आणि सगळे परत चित्रावर आले. तीन मुलींच्या रडण्यावर बोलण्यात कुणाला रस नव्हता. नसलेल्या दावणीवर मात्र दोन तास बोलणं झालं.

मला बोलायला सांगितलं. मी फार बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोललो. मुलींचं वय, कलाकाराची जबाबदारी, मद्रासच्या मासिकांतून येणारी हवा. माना डोलल्या. तंजावरच्या राजांच्या पदरी आमचे पूर्वज होते, त्या घरचा माणूस असाच बोलणार, असंही कुणीतरी म्हणालं.

मग सेल्वम उठला. तो सगळ्यांना सोडून माझ्याशीच बोलला. "अण्णा, तुम्ही काच हातात घेऊन बघितलीत. मी दावणी काढली होती की नाही, ते सांगा. नाहीतर काचच दाखवा. उजेडाकडे धरली की दिसेल."

सगळे माझ्याकडे वळले.

"काच धुतली," मी म्हणालो. "आम्ही धुतोच. रीतच आहे ती."

"पण बघितलीत ना?"

"पडद्यावर सगळ्यांनी बघितलं तेच मी बघितलं."

कनकम खांबाशी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते मला तेव्हा समजलं. तिला वाटलं, अण्णा पुरे म्हणाले तरी एकाच हातावर थांबायची घाई ह्याचीच. हेडमिस्ट्रेसबाई हळू आवाजात म्हणाल्या, की शिवणाचा वर्ग तूर्त बंद ठेवू. 'तूर्त' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

पुढच्या महिन्यात ते दोघे साक्कोट्टै सोडून तिरुविडैमरुदूरला तिच्या माहेरी गेले. चेट्टियारांचं नायलॉन आठ दिवसांत संपलं. बोंब झाली तशी गिऱ्हाइकी झाली. आणि दुकानावरचा बोर्ड बदलायचं काम मला मिळालं. शिडीवर चढून मी त्या बाईवर राखाडी रंगाचा हात फिरवला. वेणी, हात, हनुवटी गेली. डोळ्यांशी येऊन थांबलो. आता कुणी बघत नव्हतं म्हणून जवळून बघितलं, त्याने ते कसे केले होते. कळलं नाही. वाकडी रेघ होती, दोन ठिपके होते, माझ्या वहीत मी ते तसेच्या तसे उतरवून घेतले, आणि घरी जाऊन बघितलं तर ते वाकडी रेघ आणि दोन ठिपकेच होते.

याला तीन वर्षं झाली. मी सांगितलं नसतं. पण या जूनमध्ये कमला शाळेतून आली आणि सहज म्हणाली, "अप्पा, आमच्या शाळेला शिवणाची बाई हवी आहे. कनकम अक्काने अर्ज केला होता. हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, मी घेतलं असतं, पण कमिटी त्या चित्राचं विसरली नाही." मग ताटातली भाजी बाजूला सारून म्हणाली, "ती शिकवायची तसं कुणी शिकवत नाही."

तीन वर्षं मी मनाला सांगत होतो, की झालं ते होऊन गेलं. ते होऊन गेलं नव्हतं. जूनमध्येही ते चालू होतं.

चार दिवसांनी मी बसने तिरुविडैमरुदूरला गेलो. खिशात तमिळमध्ये लिहिलेली चिठ्ठी होती, हेडमिस्ट्रेसबाईंच्या नावे, खाली माझी पूर्ण सही. घर सापडलं. ओसरीवर सेल्वम काचेवर काम करत बसला होता. मायावरमच्या थिएटरसाठी करतो, म्हणाला. मी उभ्या उभ्या त्याच्या हातातली काच बघितली, आणि सांगायला लाज वाटते, पण कबुली द्यायला आलेला मी तिथेही एखादी वाकडी रेघ शोधत होतो. तो आता काचेवरही माझ्यापुढे गेला होता.

कनकमने पाणी आणून दिलं. मी तिच्या हातात चिठ्ठी दिली आणि तोंडानेही सांगितलं. गुलाबीला तीन हात लागतात, मला माहीत होतं, मी 'पुरे' म्हणालो.

सेल्वम कुंचला खाली ठेवत म्हणाला, "मला महिन्याभरातच कळलं, अण्णा. इकडे दुसरी काच केली तेव्हा."

"मग आला का नाहीस?"

"येऊन काय भांडू? एका शब्दावर कोण भांडतं?"

कनकम त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं? तीन वर्षं मी तुला घाईचा घाईचा म्हणून टोचते आहे, आणि तू ऐकून घेतलंस?"

"सांगितलं असतं तर तू मेलकावेरीला यांच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस. त्या घरातली मुलगी तुला अक्का म्हणायची."

ती पायरीवर बसली, नवऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची तशी, आणि माझी चिठ्ठी वाचायला लागली. मनातल्या मनात वाचली. एका ठिकाणी बोट थांबलं.

"राव," ती म्हणाली. पूर्वी ती मला अण्णा म्हणायची. "इथे तुम्ही लिहिलंय, 'माझ्या नजरचुकीने रंगाचे दोन हात द्यायचे राहिले.' हा शब्द खरा आहे?"

मी ओसरीच्या कडेवर टेकलो.

"मी शिवणाची बाई आहे. चुकून उसवलेला टाका कुठला आणि मुद्दाम उसवलेला कुठला, मला कळतं." तिने नवऱ्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, त्या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला. "कमिटीला चूक नको आहे. चूक ह्याची आहे असं ते तीन वर्षं धरूनच आहेत. खरं लिहा."

मी ओसरीवर बसून नवी चिठ्ठी लिहिली. चारच ओळी, पण एका शब्दापाशी पेन्सिल पुष्कळ वेळ अडली. तमिळमध्ये त्याला जो शब्द आहे तो आम्ही दुसऱ्यांबद्दल वापरतो, स्वतःबद्दल वापरायची सवय नाही. शेवटी लिहिला: मी हे जाणूनबुजून केलं, कारण मला त्याच्या हाताचा मत्सर वाटत होता. खाली हेही लिहिलं, की ज्या ओळीने मुली रडल्या ती ओळ माझी आहे. ते तिने मागितलं नव्हतं.

तिने ती दोनदा वाचली. घडी घालून मुठीत धरली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, शिव्या तरी देईल. ती उठली, आत जाऊन पदर ठीक करून आली, पायांत वहाणा सरकवल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "कुंभकोणमची बस किती वाजता आहे?"